विहीणबाईंचं कॅलिप्सो

१४ जून, शनिवार

विहीणबाई आल्या! थेट त्रिनिदादहून. नाव शेरिल. चांगी एअरपोर्टवर त्यांनी मला उचलून गोल फिरवलं — मला, साडी नेसलेली! मरीसा, म्हणजे आमची होणारी सून, लाजली. आमचा धवल नुसता दात काढत उभा. पुढच्या शनिवारी लग्न. तोवर वुडलँड्सच्या या फ्लॅटमध्ये दोघी विहिणी एकत्र. देवा, सांभाळ.

१५ जून

शेरिल तिकडे कॅलिप्सो गातात. स्टेजवरचं नाव 'लेडी टॅमरिंड' — चिंचराणीच की! नाव स्वतःच घेतलंय. मरीसा इथे कॉलेजात साहित्य शिकवते, तिने समजावलं — कॅलिप्सो म्हणजे गावातल्या बातम्या आणि गाऱ्हाणी, ठेक्यावर. मंत्र्यापासून शेजारणीपर्यंत कोणाचीही टर उडवायची. म्हणाली, "आमचे लेखक आधी साहेबाची भाषा गिरवायचे. मग ही गाणी कानात बसली, आणि पुस्तकातली माणसं आमच्यासारखी बोलायला लागली."

असेल बाई. पण रस्त्यावरच्या गाण्याला साहित्य म्हणायला मी तयार नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझी कविता दर वर्षी असते. वृत्तबद्ध!

१७ जून

अपमान! माझ्या घरात, माझ्या हातची थालीपिठं खाऊन!

जेवायला प्रबोधभावजीही होते — माझे धाकटे दीर, तांजोंग पगारला बँकेत, मंडळातले कर्तेधर्ते. शेरिल म्हणाल्या, रिसेप्शनला वरमाईवर गाणं करणार, ही झलक. चमच्याने ताट वाजवत सुरू! अर्थ असा — बाईने पुण्याहून कुकर आणला, पोळपाट आणला, खलबत्तासुद्धा आणला. एक भाषा तेवढी तिकडेच विसरली — विचारा पोराला!

धवल ताटाकडे बघत राहिला. भावजी लालबुंद. "लग्नात असला पाणउतारा? आपली काही संस्कृती आहे की नाही?" मी उठले आणि आत जाऊन दार लावलं.

लागलं. फार लागलं. तो बोबडा बोलायचा तेव्हापासून मी त्याच्याशी मराठीत बोलतेय. अखंड! तो आपला इथल्या पोरांसारखा "ओके लाह, आई" म्हणून मोकळा. यात माझा काय दोष?

१८ जून

सकाळी मरीसा माझ्याजवळ येऊन बसली. "आई रडतेय. तिला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. आमच्याकडे गाणं होतं ते दमदार माणसावर. ज्याच्यावर ओळ नाही, तो कोणीच नाही."

आणि मला एकदम मिरजेची कमलमावशी आठवली! रुखवताची गाणी तिचीच. विहिणीच्या नाकापासून चालीपर्यंत काही सोडायची नाही. यमक जागच्या जागी! आणि विहिणी रुसायच्या त्या गाणं झालं म्हणून नव्हे — राहिलं म्हणून! अगं बाई, म्हणजे आमच्याकडे हे होतंच की! मावशीच्या ओळी मला अजून पाठ आहेत. माझ्या दिवाळी अंकातल्या कविता मलाच आठवत नाहीत.

तडक गेले आणि शेरिलना सांगितलं, गा. भाषेचंसुद्धा गा. पण लक्षात ठेवा, मी कमलमावशीची भाची आहे. उत्तर मिळेल!

बाईंनी पुन्हा उचललं मला.

१९ जून

भावजींचा फोन. "वहिनी, थांबवा हा प्रकार."

म्हटलं, "मुळीच नाही."

२० जून

भाजी चिरता चिरता जमलं —

विहीणबाई आल्या हो सात समुद्र ओलांडून,
चहा पिऊन झाला नाही, तोच बसल्या भांडून!

अशा बारा ओळी! शिरीष म्हणाले, "इतकी वर्षं कुठे होतीस तू?" नवऱ्याला हे आज सुचलं! धवल मरीसाला घेऊन दोनदा खाली फिरून आला. स्वतःशीच पुटपुटतोय. लग्नाचं टेन्शन, दुसरं काय.

२१ जून, शनिवार

लागलं लग्न! कम्युनिटी क्लबचा हॉल गच्च भरला होता. शेरिल गायल्या — काय आवाज! मग मी पदर खोचला. पहिल्या ओळीलाच हशा आला आणि मी सुटले! दुसऱ्या कडव्याला शेरिलच ताट वाजवायला लागल्या, मराठी ओ की ठो कळत नसताना. मावशी हवी होती आज.

पानसुपारीच्या वेळी प्रबोधभावजी घुटमळत आले. "वहिनी… माझ्यावर एकही ओळ नाही?"

२२ जून

कालचं एक लिहायचं राहिलं. लिहवतच नव्हतं.

माझं गाणं संपलं तसा नवरदेव उठला. मुंडावळ्या सावरल्या, तळहातावर काहीतरी लिहिलेलं वाचलं आणि मोठ्याने म्हणाला —

आई म्हणते, मराठी बोल! बोलू केव्हा, सांग?
आईपुढे बोलायला लागते मोठी रांग!

माझ्या मुलाने भर मांडवात मला टोमणा मारला. मराठीत. यमकासकट!

आज सकाळपासून मी गप्प बसलेय. तो बोलतोय.