'घरी जा'च्या पुढे

प्रिय दादा,

काल तुझी गोष्ट एकदाची चालू झाली. सांगायला तू नाहीस, म्हणून लिहितेय.

गोष्ट तुझी, प्रोग्राम माझा, असं आपलं ठरलेलं. साध्या फाइलमध्ये तू प्रसंग लिहायचास, खाली वाचणाऱ्यासाठी पर्याय. माझ्या पायथनमधल्या प्रोग्रामने ते वाचायचं आणि जो पर्याय निवडला जाईल तिकडे गोष्ट न्यायची. होडी घेऊन खाडीत वाट चुकलेला तुझ्या गोष्टीतला बाळ्या! मी चिडवायचे, "दादा, कळव्याच्या खाडीत कोण हरवतं रे?" तू म्हणायचास, "तू प्रोग्रामचं बघ गं, हरवायचं मी बघतो." बघितलंस खरं!

आणि तुझी ती खोड! आधी सगळे पर्याय लिहून मोकळा व्हायचास, पुढचे प्रसंग सवडीने. रिकामा पर्याय आला की माझा प्रोग्राम बंद पडायचा. किती भांडले मी त्यावरून! "भरतो गं, रविवारी भरतो." मग तुझं आजारपण, हॉस्पिटल सुरू झालं आणि तो रविवार आलाच नाही.

काल आईला लॅपटॉपसमोर बसवलं. चष्मा लावून तिने मोठ्याने वाचलं. तुझी वाक्यं तिच्या तोंडून ऐकताना मला रडू आवरेना. बाळ्या धक्क्याला लागला आणि पर्याय आले: 'पुन्हा पाण्यात जा' आणि 'घरी जा'. तपासताना मी नेहमी पाण्याकडेच वळलेले. आईने मात्र लगेच 'घरी जा' दाबलं.

तिथे तू काहीच लिहिलं नव्हतंस रे. लाल अक्षरं आली आणि सगळं बंद.

"काय झालं? पोचला का गं तो?"

"पुढचं लिहायचं राहिलंय, आई."

"मग तू लिही की. तुला काय कठीण आहे?"

आज सकाळी बसले लिहायला. 'बाळ्याने कडी वाजवली' एवढं लिहिलं आणि पुसलं. ते तुझं वाक्य नव्हतं, आईने लगेच ओळखलं असतं. एक ओळ तरी लिहून जायचंस ना! दुपारी ती पुन्हा बसली. पहिल्यापासून वाचलं आणि पुन्हा 'घरी जा'. लाल अक्षरं आली तरी ती पडद्यासमोरून उठली नाही.

यातून आम्ही सावरू असं मला वाटत नाही, दादा. तरी एक वचन देते. तुझ्या फाइलमध्ये माझा एक शब्दही घालणार नाही. फक्त प्रोग्राम बदलेन. 'घरी जा' दाबल्यावर तो लाल अक्षरं दाखवून बंद पडणार नाही. आई उठेपर्यंत तिच्यासोबत नुसता थांबून राहील.

तुझीच,
मनी