न रडल्याचा चिंचोका

आई, आधी एक चूक दुरुस्त करते. पहिला चिंचोका तू मला बेचा पाढा म्हटल्याबद्दल दिलास, असं मी सगळ्यांना सांगत आले. आमच्या केंद्राच्या मोठ्या बाईंनाही तेच सांगितलं. तो पाढ्याचा नव्हता. फर्दापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तव्याला माझा हात भाजला आणि रडता रडता मी थांबले, त्याचा होता. तू म्हणालीस, “गप बसतीस का नाय? हा घे.” पाढे, बाराखडी, वेणी घालणं हे सगळं नंतर आलं. चिंचोक्यांची डबी भरली की तू मला यष्टीनं शहरात न्यायचीस. शाळेत जायच्या आधीच मी पुष्कळ शिकले ते त्या चिंचोक्यांमुळं, हेही खरंच.

आता त्याच शहरात मी उशिरा बोलू लागलेल्या मुलांना शिकवते. भिंतीवर तक्ता आहे. स्वतः बटण लावलं, पाणी तोंडानं मागितलं, की चांदणी मिळते. ओळ भरली की झोका. मुलं शिकतात, मी रोज बघते. पण तक्त्यात ‘रडलो नाही’ असाही एक खण आहे, आणि तो माझ्याच सांगण्यावरून आला. परवा सिल्लोडहून येणारी एक मुलगी अंगणात पडली. गुडघा सोलवटला, डोळे भरले, ओठ थरथरत होते. ती कुशीत आली नाही. समोर उभी राहून तिनं तळहात पुढं केला. “म्याडम, रडले नाय. द्या.” मी चांदणी दिली. तिची आई दारातूनच म्हणाली, “लई शहाणी झाली हो! घरी पडली की सगळी गल्ली गोळा करायची.” मोठ्या बाई हसल्या. “पालकसभेत हेच सांगा हं.” मी मान हलवली. कुणी शाबास म्हटलं की मला नाही म्हणताच येत नाही.

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. मी रडले नाही. मावशी आल्यागेल्याला सांगत होती, “बघा, किती समजूतदार पोर.” मी तुझ्या पायाशी तळहात उघडा ठेवून बसले होते. तुला दोष देत नाही. एका हातानं भाकरी थापताना रडतं लेकरू गप करायला तुझ्याजवळ दुसरं काय होतं?

हे कुठं पाठवायचं नाही, पर्समध्येच राहील. लिहितानाही मी रडले नाही, आणि कुणीतरी ते बघावं असं वाटलं. पालकसभा शनिवारी आहे. तो खण मी शुक्रवारी सकाळी, मुलं यायच्या आत काढणार आहे, आणि मोठ्या बाईंना कारणही सांगणार आहे. शुक्रवारीच.