एकटी ब्लेके

क्रिस्तियानसान, नोव्हेंबर

माझ्या म्हातारा होत चाललेल्या धाकट्या भावा, ओस्मुन,

नको, खारवू नकोस. सोडून दे तिला. सबंध मोसमात तुझ्या जाळ्यात एकच ब्लेके आली, तीही मादी, पोट अंड्यांनी टम्म. आणि तू तिला नदीतल्या लाकडी पेटीत जिवंत ठेवून मला विचारतोस, "ताई, खारवून पाठवू का?" पहिली मादी नदीची, हे आईनं तुला कान पिळून शिकवलं होतं ना?

इथल्या बाजारात समुद्रातला सॅल्मन मिळतो, पाद्र्याच्या बायकोसारखा गुबगुबीत. आपली ब्लेकेही सॅल्मनच, पण बिचारीनं समुद्र कधी पाहिलाच नाही. तळ्यात वाढायचं, थंडी पडली की नदीत चढायचं, शेपटीनं खडी उकरून अंडी घालायची, की परत तळ्यात. माझ्यासारखीच गावंढळ.

नर एकही दिसत नाही, अंडी फुकट जातील, असं लिहितोस. जाऊ देत. नूत गेला, विधवा झाले, तरी मीही कितीतरी दिवस दोघांचं रांधत होतेच की.

शिवाय तुझा मिठाचा हात जड. शेळ्या बऱ्या आहेत ना? छप्पर शाकारलंस का? सिग्री माझं सगळं करते. लेक असावी तर अशी. मी मजेत आहे.

तुझी खोडकर ताई,
गुन्वर

ता. क. मजेत आहे हे खोटं. महिना झाला, माझ्या घशाखाली काही उतरत नाही, पाणीसुद्धा चमच्यानं पाजतात. तू ब्लेके पाठवलीस तरी मला ती खाता येणार नाही, ओस्मुन.