तिसऱ्या तासाची शिक्षा

दि. २ नोव्हेंबर, सोमवार

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं शहाणपण तेवढं परत घेऊन जा. सुट्टीत आलास, पोटभर जेवलास, दुपारी घोरलास, तिथवर सगळं ठीक होतं. जाताजाता भिंगरीच्या शाळेत कशाला शिरलास? आमची भाची असामान्य आहे, तिला वर्गात वेगळं काहीतरी द्यायला हवं, असं मुख्याध्यापिकाबाईंना सांगून तू गाडीत बसलास, आणि निस्तरायला राहिले मी. हे फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात तुला गप्प बसावंच लागतं.

वेगळं म्हणून काय दिलं ते ऐक. बाकीच्या चौथीला दहा गणितं, हिला चाळीस. त्याच जातीची, नुसती जास्त. माझ्या लाँड्रीतला गडी इस्त्री चांगली करतो म्हणून मी सगळ्या गावाचे शर्ट त्याच्या एकट्यापुढे ओतले, तर तो दुसऱ्या दिवशी तोंड दाखवेल का? ती चाळीस संपली की हिनं मागच्या बाकावरच्या कच्च्या मुलांना शिकवायचं आणि बाईंनी खुर्चीत बसून वह्यांवर बरोबरच्या खुणा मारायच्या. मी विचारलं तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, यानं मुलीच्या अंगी नेतृत्व येतं. आलंय खरं. घरी मला हुकूम सोडते.

आता पुढचं. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी पोर, पण मागच्या महिन्यात बाई तिला जवळजवळ रोज वर्गाबाहेर काढत होत्या. एकदा शीळ घातली. एकदा बाकाखाली शिरून मांजर झाली. एकदा बाईंनी फळ्यावर बेरीज केली, तर उभी राहून विचारते, बाई, ही तुम्ही मुद्दाम चुकवली का. शेवटी मला बोलावणं आलं. दुकान गड्यावर टाकून गेले, आणि परत येते तो एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर अख्खी इस्त्री उमटलेली. ते पापही तुझ्याच नावावर.

मी बाईंना बजावून आले, की ओरडा, पहिल्या बाकावर तुमच्या नाकासमोर बसवा, पण बाहेर काढायचं नाही. व्हरांड्यात उभं राहून पोरं वाया जातात. तेव्हापासून शीळ बंद. पण पोर कशी भिजत ठेवलेल्या कपड्यासारखी झालीय. जेवताना बोलत नाही. काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही, आता मी साधी आहे.

तू मुख्याध्यापिकांना सरळ लिही, की माझा अंदाज चुकला, मुलगी आईवर गेलीय, चारचौघींसारखी आहे. म्हणजे तिची ती चाळीस गणितं तरी सुटतील. तुझे दाजी अजून ट्रकवरच आहेत, पुढच्या आठवड्यात येतील.

लोभ आहे तेवढा आहे. वाढायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

तुझी अक्का

---

दि. ६ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना माझा चेहरा बघून हिनं विचारलं, कुणी शिव्या दिल्यात का. मी म्हटलं छे, अक्काचं खुशालीचं पत्र आहे.

अंदाज चुकला असं मी लिहिणार नाही, कारण तो चुकलेला नाही. चुकली ती शाळा. ज्याला भूक जास्त, त्याला तोच घास चाळीस वेळा चावायला लावल्यानं त्याचं पोट भरत नाही. अशा मुलाला पुढचं द्यावं लागतं, खोलातलं द्यावं लागतं. होऊ घातलेल्या शिक्षकांना मी वर्षानुवर्षं हेच शिकवतो, ते मान डोलावतात आणि आपापल्या शाळेत जाऊन चाळीस गणितं देतात. तेव्हा तुझ्या बाईंना एकट्यांना दोष नको.

पण एक गोष्ट मला खटकते. मुलं वर्गातून सुटायला खोड्या करतात हे रोजचं आहे. भिंगरी मात्र कुठेतरी पोचायला करत असावी असं मला वाटतं. ती रोज एकाच तासाला बाहेर जायची का? त्या व्हरांड्यात आहे काय? तू एकदा स्वतः तिथं जाऊन उभी राहा. तुलाही कधीतरी शिक्षा व्हायला हवी.

आणि मुख्य सांगायचं ते हे. आमच्या इथल्या शाळेत अशा मुलांचा वेगळा वर्ग आहे. मी शब्द टाकला आहे, महिनाअखेरपर्यंत एक जागा धरून ठेवतील. भिंगरी आमच्याकडे राहील. तिच्या मामीनं कोपऱ्यातली खोली झाडायलाही घेतली. रागावू नकोस, विचार कर.

दाजींना नमस्कार. भिंगरीला एक चिमटा. तुझ्या रागातही आमच्यापुरती जागा राहू दे.

तुझा उंटावरचा शहाणा,
भाऊ

---

दि. ११ नोव्हेंबर, बुधवार

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

खोली झाडायची घाई करू नका म्हणावं.

व्हरांड्यात जाऊन आले. शाळेचे पडदे धुवायला माझ्याकडेच असतात, ते पोचवायच्या निमित्तानं तिसऱ्या तासाला गेले. चौथीच्या दाराबाहेर उभं राहिलं की समोर सातवीची खिडकी. तिची एक काच फुटलेली आहे. आत गणिताचे सर. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे जगालाही येत नसावं असं धरून बोलतात. आकड्यांच्या जागी अक्षरं मांडली होती आणि क्ष कुठाय, क्ष किती, असा धोशा लावला होता. घरातलं माणूस हरवल्यासारखा शोध चालला होता. मला अर्धं कळलं नाही, पण पडद्यांचं ओझं हातात तसंच राहिलं.

शाळेच्या शिपाईबाईनं मग पोटातलं ओठावर आणलं. भिंगरी तिच्याच बादलीवर, पालथी घालून, उभी असायची. एकदा सरांनी काहीतरी विचारलं, सगळी सातवी मुकी, आणि फुटक्या काचेतून एक हात आत आला आणि वर झाला. सरांनी कोण, कुठली, काही विचारलं नाही. बोला म्हणाले. ती बोलली. दुसऱ्या दिवशी सरांनी फळा ओढून खिडकीकडे फिरवून ठेवला. आणि मी जाऊन तिला आत कोंडून आले. यावर तुला काही सुचलं असेल तर ते पोटातच ठेव.

तशीच चौथीच्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, उद्यापासून हिला पूर्वीसारखी बाहेर काढा. बाई म्हणाल्या, कारणाशिवाय कसं काढू, हल्ली बाहुलीसारखी बसते. घरी येऊन भिंगरीला सांगितलं, उद्या खोडी कर. तिनं आधी विचारलं की हा हुकूम आहे का, मग अट घातली की घरी बोलणी खायची नाहीत. दुसऱ्या दिवशी शीळ घातली, बाकाखाली गेली, मांजर झाली, कुत्रा झाली. बाई जाम हलेनात. म्हणाल्या, तुझ्या आईनंच बजावलंय, काही झालं तरी बाहेर काढायचं नाही म्हणून.

मग मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन म्हटलं, हे सोंग पुरे, तिसऱ्या तासाला तिला सातवीत खुर्ची द्या. सर तयार आहेत. कोट न्यायला दुकानात आले होते तेव्हा, मी वर्गात मागे एक खुर्ची ठेवतो, हे त्यांनी मला अशा आवाजात सांगितलं की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. पण मुख्याध्यापिकांचं आपलं, वय बसत नाही, बाकीचे पालक विचारतील. शेवटी घसरून बोलून गेल्या, की मग कच्च्या मुलांना शिकवणार कोण. मी म्हटलं, ज्यांना पगार मिळतो त्या. मग म्हणाल्या, तुमच्या भावासारख्या जाणकाराचं लेखी मत आणा, अठ्ठावीस तारखेला शनिवारी शाळा समितीची सभा आहे, तिच्यापुढे ठेवते.

तेव्हा लिही आणि पाठव. याच पाकिटात भिंगरीची चिठ्ठी आहे. मी वाचली नाही.

बाकी क्षेम. पत्र आलं की माया करीन.

अक्का

---

ती. मामास,
शि. सा. न.

आईनं सांगितलं म्हणून लिहिते. ती वाचणार नाही म्हणाली, पण ती माझ्या मागे उभी आहे आणि तिचा श्वास मानेवर येतो.

मी बरी आहे. बाहेर जायला शीळ लागतेच असं नाही. बाईंचं उत्तर बरोबर आलं की आश्चर्यानं बघायचं, तेवढं पुरतं. पण आता काहीच पुरत नाही.

आई म्हणाली तुमच्या शाळेत सगळीच मुलं हुशार आहेत. मग तिथं बाहेर कोणाला काढतात? आणि त्या व्हरांड्यातून कोणता वर्ग ऐकू येतो? हे नीट विचारून कळवा.

इथे सातवीत एक मुलगा आहे. सरांनी काहीही विचारलं तरी तो क्ष बरोबर पाच म्हणतो. कधीतरी ते बरोबर येणार. त्या दिवशी मला तिथं असायचंय.

मामीला नमस्कार. तुमच्या मनात मी असू दे, फार हुशार नको.

भिंगरी

---

दि. १६ नोव्हेंबर, सोमवार

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

फुटक्या काचेतून वर झालेला हात मी माझ्या वर्गात सांगितला. पहिल्यांदाच कुणी मान डोलावली नाही, एकानं विचारलं, मग पुढं काय झालं. त्या सरांना माझा नमस्कार सांग. मोठ्यानं सांग.

तू मागितलेलं पत्र मी लिहिलं. पाकिटात घालून, पत्ता घालून टेबलावर ठेवलं आहे. टपालात टाकलेलं नाही. खरं सांगतो, ते तिथं पोचलं की तू निश्चिंत होशील आणि इथली जागा हातची जाईल. दिवसाला एक तास म्हणजे तहानलेल्याला चमच्यानं पाणी पाजणं झालं. इथं अख्खी विहीर आहे. बाकीचा सगळा दिवस ती चौथीत पेंगणारच ना? तुझ्या मुख्याध्यापिका सभेत हो म्हणतील आणि महिन्याभरानं खुर्ची गायब होईल. मी अशा शाळा पुष्कळ पाहिल्या आहेत.

आणि आणखी एक. दाजी महिन्यातले पंधरा दिवस ट्रकवर, घरात तू एकटी. तू तिला तिच्यासाठी ठेवून घेतेस की स्वतःसाठी, हे एकदा मनाला विचार. मग तू सांगशील ते करीन.

मोठेपणानं क्षमा कर, आणि जमलं तर ऐकही.

भाऊ

---

दि. २० नोव्हेंबर, शुक्रवार

चि. भाऊस,
आशीर्वाद. अनेक नाहीत, आज एकच.

पत्र लिहायचं, पत्ता घालायचा आणि टेबलावर मांडून ठेवायचं, हा कुठला आचरटपणा? पोराला बोर दाखवून मागं लपवतात तसं मला खेळवतोस का?

मनाला विचार म्हणालास. विचारलं. स्वतःसाठीही ठेवून घेते. नऊ वर्षांची पोर आहे, तिला आईनं नाही तर कुणी ठेवून घ्यायची? संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसून ती घड्या मोजते आणि गिऱ्हाइकांच्या नकला करते, तेवढीच माझी करमणूक. ती गेली तर घर खायला उठेल हे मला कळतं, आणि तिथं तिचं भलं होईल हेही कळतं. दोन्ही कळतं म्हणूनच तुझा राग येतो. एकच कळत असतं तर केव्हाच मोकळी झाले असते.

म्हणून मी तिलाच समोर बसवलं. तुझे दाजीही होते. तुझं पत्र तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं, विहीर, चमचा, सगळं. मामाकडे जायचं तर आजच सांग, ट्रंक मी भरते, असं म्हटलं. ती पायानं स्टूल ढकलत बसली. मग म्हणाली, मामाकडे जाईन, पण इथं सातवीचं गणित संपल्यावर, आत्ता गेले तर पळाल्यासारखं होईल. आणि विचारते, मी गेले आणि पुढच्या वर्षी चौथीत माझ्यासारखी आणखी कुणी आली, तर ती कुठल्या बादलीवर उभी राहणार? तुझे दाजी उठले आणि बाहेर जाऊन ट्रकचं चाक बघत बसले. चाकाला काही झालेलं नव्हतं.

तेव्हा ऐक. इथलं सातवीचं सगळं शिकून झालं आणि तेव्हा ती म्हणाली जाते, तर मी अडवणार नाही. हे मी लिहून देते, तुझ्या बायकोला साक्षीला बसव. खुर्ची गायब होईल म्हणतोस. होऊ दे तर, मी पडदे घेऊन दर आठवड्याला जातेच.

आता त्या टेबलावरच्या पाकिटाविषयी. ते फोड. त्यात तू असामान्य, कुशाग्र असलं काही घातलं असशील तर खोड. तो शब्द ऐकला की मुख्याध्यापिका तिचा फोटो सभागृहात लावायच्या गोष्टी करतात आणि गणितं साठ करतात. साधं लिही. तिसऱ्या तासाला तिला सातवीत बसवा. जे येतं ते चाळीस वेळा करायला लावू नका. कच्च्यांना शिकवणं बाईंचं काम आहे, तिचं नाही. चौथीला ज्या तासाला तिचा जाच होतो त्याच तासाला सातवीला तिचा उपयोग होईल, हेही घाल. हे वाक्य त्यांना पटेल, बाकीची नाही पटली तरी चालतील. खाली तुझी ती लांबलचक पदवी लिही, ती एवढ्यासाठीच मिळवलीस असं समज.

सभा शनिवारी सकाळी. टपाल आमच्याकडे दुपारी येतं. म्हणून शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, ते पाकीट माझ्या हातात पाहिजे. पाठवणार नसशील तर तेही शुक्रवारच्या आत कळव, एका शब्दात, पुढं भाषण नको. टेबलापासून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जायला असामान्य बुद्धी लागत नाही, चपला लागतात.

लोभाचं शुक्रवारी बघू.

अक्का