चार बोटं

९ मे

बेसबॉल क्लबच्या वरच्या टीममध्ये आलो. म्हणजे नारुमी आला, आणि त्याच्यासोबत मी.

बांदोसान आमचे थोरले कॅचर, चौतिशीचे. लॉकरपाशीच स्वागत केलं — "या कुमागाई, एकावर एक फुकट!" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. दोन वर्षं हेच ऐकतोय. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, नारुमीला पहिल्या फेरीत उचललं, मला शेवटच्या. कारण एकच, शाळेपासून त्याचा चेंडू मी झेलतो. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांनी खुणावतो; बाकीचे पिचर खूण पटली नाही की मान हलवून नकार देतात. नारुमी देत नाही. "कुमा मागेल तो चेंडू मी टाकतो," हे तो पेपरवाल्यांना कौतुकाने सांगतो. मी काय काय मागतो, ते मात्र एकाही पेपरवाल्याने विचारलेलं नाही.

१० मे

आईचा फोन. "नारुमी नीट जेवतो ना रे?"

मीही जेवतो, आई.

१५ मे

हॉस्टेलच्या न्हाणीघरात नारुमी डाव्या हाताने डोकं धूत होता. उजवा मांडीवर पडलेला. मी म्हटलं, "हात दाखव." तो म्हणे, "साबण दे." मी हात धरला तर कोपर केवढं सुजलेलं! तोंड पांढरं पडलं त्याचं.

"फोर्क टाकला की कळ येते," म्हणाला. बाकी चेंडूंना चालतं म्हणे. पण फोर्क हाच तर त्याचा चेंडू आहे. दोन बोटांच्या बेचक्यात धरून टाकतो, बॅटरपाशी येऊन तो खाली कोसळतो. त्याच्या जोरावरच तो इथे आलाय, आणि त्याच्या मागे मी.

"डॉक्टरांकडे चल."

"ऑपरेशन सांगतील. वर्ष जाईल लेका. तू फोर्क मागूच नकोस, म्हणजे झालं. आणि कुणाला बोलू नकोस."

बरं म्हटलं. मला तरी दुसरं काय सुचणार होतं. त्याचं वर्ष जाणार म्हणजे माझंही जाणार.

१७ मे

फोर्कची खूण म्हणजे चार बोटं. आज मांडीआड चार बोटं एकदाही निघाली नाहीत. नुसते सरळ चेंडू. समोरच्यांनी चोप चोप चोपलं. हरलो.

१८ मे

सकाळी मीटिंग. आमचे कॅचरांचे कोच मुरोई सर. सगळ्यांसमोर मला उभं केलं.

"फोर्क का नाही मागितला?"

मी टोपी काढून हातात घेतली.

"भित्रा आहेस. चेंडू निसटून मागे गेला तर आपली अब्रू जाईल, म्हणून मागत नाहीस. पिचरचं वाटोळं करतोयस तू."

नारुमी माझ्या शेजारीच बसलेला. बुटाच्या नाडीकडे बघत होता. एक शब्द, एकच शब्द बोलला असता तर! नाही बोलला. सरांनी त्याला विचारलंसुद्धा, "तुला काय वाटतं?" तर म्हणतो, "कुमा मागतो ते मी टाकतो, सर."

पाठीमागून बांदोसान कुजबुजले, "फुकटचा माल असाच निघतो."

संध्याकाळी नारुमी पुडिंग घेऊन खोलीत आला. मी दार उघडलं नाही.

२४ मे

पुन्हा तेच. पुन्हा हरलो. पेपरात माझा फोटो, खाली 'डोकं न चालणारा कॅचर'. घरी आमच्या सफरचंदाच्या बागेत आता फळं विरळ करायचे दिवस, सगळी आळी कामाला येते. त्या सगळ्यांनी बघितला असणार. बाबांनी फोन केला. बाबा कधी फोन करत नाहीत. म्हणाले, "नारुमीला सांभाळून घे."

मला कोण सांभाळून घेणार? हे विचारायचं होतं. "हो" म्हटलं आणि ठेवला.

नारुमीशी मैदानाबाहेर बोलणं बंद आहे. तो बोलतो, मी बोलत नाही. त्याला वाचवायचं मी, शिव्या खायच्या मी, आणि कोवळा हिरो तो. संताप संताप होतो.

३१ मे

मॅचच्या आधी मुरोई सरांनी एकट्याला ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं. "आज असंच खेळलास तर उद्या खालच्या टीमच्या बसमध्ये बस. पुन्हा वर येशील असं धरून चालू नकोस. नारुमीला बांदो झेलेल."

चौथ्या डावापर्यंत मी सरळच मागितले. मग त्यांचे दोन जण बेसवर, एक फटका बसला की धावा, समोर त्यांचा सगळ्यात मोठा बॅटर. मी चार बोटं काढली.

नारुमी माझ्याकडे बघत राहिला. त्याला नीट दिसली होती. मी बोटं बदलली नाहीत. त्याने होकार दिला.

चेंडू कोसळला. बॅट हवेत फिरली. स्टेडियम नुसतं घुमलं.

तिथे थांबता आलं असतं. पुढच्या डावात पुन्हा चार बोटं. त्याच्या पुढच्यात पुन्हा. प्रत्येक वेळी त्याची मान खाली-वर. मी मनात म्हणत होतो, आता नाही म्हण ना, सगळ्यांसमोर नाही म्हण, कळू दे त्यांना. आणि खरं लिहायचं तर हेही म्हणत होतो की भोग आता.

जिंकलो. दोघांना मैदानात स्टेजवर उभं केलं, हातात टीमची बाहुली दिली. नारुमीने डाव्या हातात धरली. निवेदकाने विचारलं, आजचं गुपित काय? "कुमा मागतो ते मी टाकतो. मला दुसरं काही कळत नाही." लोक हसले.

खाली उतरलो तर मुरोई सरांनी पाठीवर थाप मारली. "आज कॅचर झालास."

१ जून

नारुमीला चॉपस्टिक धरता येईना. हॉस्पिटलात नेला. कोपराचं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन. वर्ष तरी जाणार, पुढचं डॉक्टर सांगत नाहीत.

मी वरच्याच टीममध्ये राहणार. मुरोई सरांनी सांगितलं. बांदोसान फुकटबिकट काही बोलले नाहीत. उलट शेजारी बसायला जागा दिली.

४ जून

भेटायला गेलो. प्लास्टर घालून बसला होता. मी खुर्ची ओढून बसलो. शेवटी म्हटलं, "मान का नाही हलवलीस?"

"ड्रेसिंग रूमच्या दारात होतो मी. बसचं ऐकलं."

मग म्हणाला, "मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही मी. तेवढं तरी करायला नको? पुडिंग आणलंस का?"

नव्हतं आणलं.

२० जून

आज नवा पिचर. माझ्या पहिल्याच खुणेला त्याने मान हलवली. दुसरी खूण दिली, तिलाही हलवली. किती सहज हलवतात.

नारुमीलाही हलवता येत होती.