खाकी कोटाची घडी

४ ऑगस्ट

पोरगी गेली. होस्टेलच्या दारात म्हणते कशी, "आई, आता जा तू, सगळे बघतायत." बघू देत! मी काय कुणाचं चोरलंय?

ही वही तिनेच आणून दिली. म्हणाली, "माझ्यावर ओरडावंसं वाटलं की फोन करू नकोस. यात ओरड." चौथी शिकलेल्या बाईला वही! असू दे. आणलीच आहे तर वाया कशाला घालवायची.

संध्याकाळी नणंद टपकली. "वहिनी, मुलीच्या जातीला इंजिनिअरिंग कशाला? लोखंडाशी खेळायचं ते!" म्हटलं, वन्सं, तुमचा भाऊ जन्मभर इस्त्री फिरवतोय, ती काय लाकडाची आहे? तोंड वाकडं केलं. चहा मात्र पिऊनच उठली.

१७ ऑगस्ट

पहिलं गाठोडं आलं. दर दुसऱ्या शनिवारी पार्सलच्या गाडीवाल्याबरोबर तिचे मळके कपडे येणार, सोमवारी धुतलेले परत जाणार – असं ठरवून घेतलंय मी. घरची लाँड्री असताना पोरीने तिथे बादलीत कपडे बुचकळायचे? ते नाही चालायचं.

वरच वर्कशॉपचा खाकी कोट. बाहीला ग्रीस, खिशात लोखंडाचा कीस. धुतला, चांगली घट्ट खळ दिली, बाह्यांना सुरीसारखी धार येईल अशी घडी पाडली. हे म्हणाले, "कुठल्या साहेबाचा गं?" म्हटलं, आपल्या साहेबिणीचा!

२९ ऑगस्ट

फोन आला. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे असतात म्हणे. मग मास्तर ते उजेडासमोर धरतात. फटीतून उजेड दिसला की नापास. हिचा दिसला. "किती?" म्हटलं. "खिडकी उघडल्यासारखा," म्हणाली आणि हसली. ते हसणं काही मला पटलं नाही.

१४ सप्टेंबर

कोट जसाच्या तसा परत! माझीच घडी, माझीच खळ. एक सुरकुती नाही. मागच्या वेळीही मला शंका आली होती, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत विसरले.

फोन केला. "वर्कशॉप कसं चाललंय?"

"छान."

बघा! घडी न मोडता छान चाललंय!

२८ सप्टेंबर

परत तेच. हे म्हणतात, "जपून वापरत असेल गं." ग्रीसच्या कामात जपून? तुम्ही जपून भट्टी साफ करता का? पोरगी वर्गात जात नाही, दुसरं काय! कुठे जाते मग? कुणाबरोबर बसते? डोकं भणभणतंय. आणि नणंदेला कुठून वास लागतो कोण जाणे – आज नेमकी विचारत होती, "रमली का गं?" म्हटलं, रमली तर!

३ ऑक्टोबर

"आई, मी परत आले तर चालेल?"

"सुट्टी आहे का?"

"नाही. तशीच. कायमची."

फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाही.

४ ऑक्टोबर

हे ताटात बोटं फिरवत बसले. मी भांडी आपटली.

७ ऑक्टोबर

दुकानाला कुलूप घालून गेले. सरळ वर्कशॉपच्या शेडवर. आता सापडत नाही तिथे, की होस्टेलवर जाऊन झिंज्याच धरते, असं ठरवून.

तर ही आतच! कुणाचा तरी ढगळा फाटका कोट अंगात, कोपरापर्यंत काळी, कानस घासतेय. मी दारातच थबकले. तळपायापासून चढलेला राग कुठे ठेवू ते कळेना.

बाहेर आली. हाताचं काळं कोटाला पुसत राहिली. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा फुटली.

"तुझा कोट घातला की सगळे हसतात. 'बाजूला व्हा, घडी मोडेल!' म्हणतात. माझ्या हातातली कानस काढून घेतात. 'तू नुसती मापं लिही, तुझा कोट खराब होईल.' मला कुणी हातच लावू देत नाही, आई! म्हणून मग इथल्या शिपायाचा जुना कोट मागून घेतला."

"मग माझा कशाला पाठवत होतीस?"

"नाही पाठवला तर तू विचारशील म्हणून."

गेल्याच आठवड्यात मास्तरांनी दम दिलाय. ढगळ्या बाह्या मशीनमध्ये अडकतील, हात जाईल एखादीचा. उद्यापासून मापाचा कोट नसेल तर बाहेर उभी राहा. आणि ते तुकडे परत एकदा करून दाखवायचेत. या वेळी उजेड दिसला तर वर्ष गेलं. "बाहेर उभं राहून ऐकून घेण्यापेक्षा घरी येते," म्हणाली.

मास्तरांना गाठलं. म्हटलं, हिचा मापाचा कोट पुढच्या सोमवारी हजर होईल, तोवर बाह्या दुमडून पिना लावते, पण हिला आत घ्या. कपाळाला आठ्या घालून "बरं" म्हणाले.

पोरीला म्हटलं, "माझा कोट दे इकडे."

"परत धुणार?"

"दे म्हणते ना!"

येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. मीच ती खळ दिली होती. चांगली घट्ट.

९ ऑक्टोबर

पोरीचा कोट मीच घातला. बटणं लागत नाहीत, न लागू देत. धुण्याच्या मोठ्या मशीनला ग्रीस भरलं, हात कोटाला पुसले. भट्टीची राख काढली. ड्रमला टेकून बसले. हे बघतच राहिले – "अगं, काय अवतार!" म्हटलं, गप बसा, काम चाललंय.

नणंद दारातूनच परत फिरली. तेवढंच बरं!

१४ ऑक्टोबर

कोट गाडीवाल्याकडे दिला. खळ नाही, इस्त्री नाही, धुतलासुद्धा नाही. तो कोटाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "ताई, चुकून दुसराच दिलात का?" जन्मात कधी असा कपडा दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. पाठ फिरवून आत आले.

१८ ऑक्टोबर

कोटाबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणे. कुणी बघितलंसुद्धा नाही. बरं.

२४ ऑक्टोबर

आज मास्तर तिचे तुकडे बघणार होते. सकाळपासून एका सदऱ्यावर दोनदा पाणी मारलं. हे फोनजवळून हलेनात.

"आई, जोड बसला! मास्तरांनी फिरवून फिरवून धरला. काळाकुट्ट! जरासुद्धा उजेड नाही! आणि तो 'घडी मोडेल'वाला माझी कानस मागायला आला."

"दिलीस?"

"नाही!"

शाब्बास. ह्यांना सांगितलं तर नाक शिंकरायला मोरीत गेले.

२६ ऑक्टोबर

गाडीवाला रिकाम्या हातांनी आला. खेकसलेच – गाठोडं कुठंय? म्हणाला, "दिलंच नाही, ताई. म्हणाली, आईला सांगा, आता माझे कपडे मी इथेच धुते."

इस्त्री तापवून ठेवली होती. ह्यांचा इस्त्रीचाच सदरा घेतला. घडी मोडली. परत घातली.