पाचवीच्या पटावरचं नाव

सर, परवा शाळेत गेले होते. माझ्याच दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. कंपनीने परदेशी पाठवायच्या कागदपत्रांत शाळेचा दाखला मागितला आणि माझा कुठल्यातरी घरबदलात हरवलाय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एवढं ऑफिस सांभाळतेस आणि एक कागद सांभाळता येत नाही?" तसं म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

शाळा ओळखू येत नाही असं लिहिणार होते, पण तसं नाही, तीच आहे. तिन्ही बाजूंनी मोठमोठ्या इमारती उठल्यात, त्यामुळे पटांगणात दुपारनंतर ऊन येत नाही. आधी पाचवी बंद झाली, मग पुढच्या वर्षी सहावी, अशी खालून एकेक इयत्ता गळत गेली. उरलेली मुलं दुसऱ्या शाळेत पाठवली. आता एका खोलीत कार्यालय आहे आणि मतदानाच्या दिवशी तेवढी गर्दी होते. फाटकातून आत शिरताना आपल्याला काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. काही झालं नाही. चप्पल बाहेर काढायची की नाही, एवढाच विचार आला.

दर जूनमध्ये तुम्ही पाचवीच्या नव्या मुलांना शाळेची गोष्ट सांगायचात. पहिला वर्ग मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरला, भजन आणि बेरजा एकाच वेळी चालायच्या. मग गावातल्या एका विधवा बाईने जमीन दिली, घरटी एक माणूस पाया खणायला आला, खाणीतला दगड बैलगाड्यांनी आणला. "या भिंतीत तुमच्या आज्यांनी वाहिलेला दगड आहे, तिला टेकून झोपा काढू नका," असं म्हणायचात. मी हात वर करून म्हटलं होतं, सर, माझा आजा तर तिकडे वर्ध्याकडे, त्याने नाही आणला दगड. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "मग तुमचा दगड यायचाय अजून," म्हणालात आणि पुढे गेलात. मला ते फार दिवस पुरलं. गावात भाड्याने राहणाऱ्या माणसांना आपलं काहीतरी यायचं बाकी आहे हेसुद्धा पुष्कळ वाटतं.

सातवीत माझ्या बाकावरची मैत्रीण आईबरोबर भुईमूग काढायला जायची. एकदा तिचं नाव आलं तेव्हा मी आवाज बदलून "हजर" म्हटलं. तुम्ही पेन थांबवता, चष्म्यावरून माझ्याकडे बघता. "तुझ्यात दोघी राहतात काय? मग त्यातल्या एकीला बाहेर उभी कर." तासभर मी व्हरांड्यात. तास संपल्यावर तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात आणि हळू आवाजात म्हणालात, "ती आली नाही हे मला कळलं, तर संध्याकाळी मी तिच्या घरी जातो. तू हजर म्हटलंस की माझं जाणं बुडतं." त्या संध्याकाळी तुमची सायकल मळ्याच्या वाटेला लागलेली मी पाहिली. दोन दिवसांनी मैत्रीण बाकावर होती.

दहावीनंतर ती सायकल आमच्याही दारात आली. बाबा कारखान्यातून नुकतेच आले होते, मला शिवणक्लासला घालायचं त्यांचं ठरलं होतं. तुम्ही खाटेवर बसून पाणी प्यायलात आणि म्हणालात, पोरीला पुढे शिकवा. बाबांनी पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या. मग म्हणाले, "तुमी म्हन्ता तं धाडतो कालेजात." आणि धाडलं. त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे दिवाळीला कपडे आले नाहीत, पण बाबा शब्दाला जागले. माझं सायन्स, पुढचं कॉम्प्युटर, ही नोकरी, हा फ्लॅट, सगळं त्या एका संध्याकाळवर उभं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मग कितीतरी वर्षांनी तो मे महिना. सगळीकडे इंग्रजी शाळा निघाल्या होत्या आणि मे म्हणजे तुम्हा मास्तरांना सुट्टी नव्हे, दारोदार फिरून मुलं गोळा करायचा महिना झाला होता. पट भरला नाही तर वर्ग तुटायचा आणि शिक्षक अतिरिक्त ठरून कुठेतरी लांब जायचा. मुख्याध्यापक असूनही तुम्ही स्वतः आमच्या सोसायटीत आलात तेव्हा लिफ्ट बंद होती. दम लागला होता, रुमालाने मान पुसत होतात. मी चहा ठेवला आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. तुम्ही बघितलंत म्हणून म्हणाले, ऊन येतं.

"तुझ्या मुलीची चौथी झाली ना? पाचवीला एक मूल कमी पडतंय," तुम्ही म्हणालात. "माझं काही नाही, मी वर्षभरात घरी बसणार. पण वर्गाच्या बाई नव्या आहेत, घरी तान्हं मूल आहे." मग कप खाली ठेवून, "अडचण असेल तर तसं सांग. मी दुसरं दार बघतो."

इतकं सोपं करून दिलं होतं तुम्ही. आणि मी म्हणाले, "अडचण कसली, सर. घाला नाव. दाखला जूनमध्ये आणून देते." तुमच्या तोंडावर नाही म्हणवेना, आणि तुम्ही लवकर उठावं असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे. तुम्ही वहीत नाव लिहिलंत, पेनाला टोपण लावलंत. "चला, भरली पाचवी. आता बाकीच्या जिन्यांना लांबूनच नमस्कार," म्हणालात आणि कठड्याला धरून खाली उतरलात.

जूनपासून मी शाळेचा रस्ता सोडला. ऑगस्टमध्ये एका सकाळी सोसायटीच्या फाटकाशी मी मुलीला कोथरूडच्या शाळेच्या व्हॅनमध्ये चढवत होते आणि समोरून तुम्ही आलात. सायकलवरून एक पाय खाली टेकलात. मुलीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. "उंच झाली," एवढंच म्हणालात. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. बाहेर जाऊन ऐकलं, आत येऊन पुढचा मुद्दा मांडला. कोणाला काही कळलं नाही. मलाही फारसं काही वाटलं नाही, म्हणून बरं वाटलं होतं.

परवा कार्यालयात तुमचे जुने शिपाईमामा रद्दी बांधत होते. हजेरीपत्रकांचा एक गठ्ठा त्यांनी बाजूला ठेवला होता. "सरांचं अक्षर हाय, द्यायला जीव व्हत नाय," म्हणाले. मी वरचंच उघडलं. पाचवी, शेवटचं नाव माझ्या मुलीचं. पुढे रोज गैरहजेरीची फुली, आणि जूनच्या शेऱ्यात तुमच्या अक्षरात: येणार आहे. जुलैच्या पानावर पुन्हा, येणार आहे. कोणी गैरहजर असलं की तुम्ही घरी जायचात, सर. आमच्याकडे आला नाहीत. ऑगस्टच्या पानावर नाव तांबड्या शाईने काढलेलं, रेघ पट्टीने मारलेली.

मामांना नाव कोणाचं ते माहीत नव्हतं. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "ही एक पोरगी आलीच नाय बघा. तवा सरांना समदे म्हनले, तपासणीपतुर राहू द्या नाव, कोन बघतंय. सर म्हनले, जी नाही तिला आहे कशी म्हणू. एका पोरापायी पाचवी गेली. त्या बाईंना पार लांब टाकलं, तान्हं पोर घिऊन गेल्या." मी बरं म्हटलं. दाखल्याच्या अर्जावर सही केली. घरी येऊन भाजी चिरली. रडू येईल असं वाटत होतं, तीही वेळ निघून गेली.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, टाकायचंही नाही. दाखल्याच्या फाइलमध्ये राहील. मुलीला दाखवणार नाही, तिचा यात काही दोष नाही. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत तुम्ही माझ्या शब्दावर थांबलात, आणि सोसायटीच्या फाटकाशीसुद्धा मला काही विचारलं नाहीत. ती येणार नव्हती, सर. तुम्ही चहा पीत होतात तेव्हाच मला माहीत होतं. आतलं दार मी लोटलं ते ऊन येतं म्हणून नाही. त्या खोलीत खिडकीच्या गजाला तिचा नवा गणवेश टांगलेला होता, इस्त्री केलेला, टायसकट.